घरगुती पडदे (ठाणे–नवी मुंबई)

घरगुती पडदे म्हणजे राहत्या घराच्या खिडक्या-दारांवर ऊन, नजर आणि धूळ अडवण्यासाठी लावलेले कापड, किंवा त्याच कामाची गुंडाळती, घडीची अथवा पट्ट्यांची आवरणे. शिवलेले पडदे, रोलर, रोमन व झेब्रा ब्लाइंड आणि बांबूची चिक हे सारे यात येते. ठाणे आणि नवी मुंबईत त्यांची निवड तीन गोष्टींवर ठरायला हवी : खिडकीची दिशा, चार महिन्यांचा पाऊस, आणि पडदा उतरवून धुणारे माणूस घरात कोण आहे. दुकानात मात्र बोलणे रंगापासून सुरू होते आणि बहुतेक खरेदी तिथेच फसते.

पूर्वीची पद्धत

‘पडदा’ हा शब्द फारसीतून आला. जुन्या ठाण्यातल्या चाळी-वाड्यांत खिडकीला पूर्ण पडदा क्वचित असे. खिडकीला वर-खाली वेगळ्या झडपा असत आणि खालच्या झडपेपुरता अर्धा पडदा स्प्रिंगच्या तारेत ओवून दोन हुकांमध्ये ताणलेला असे. वरून वारा-उजेड, खालून आडोसा. वर्ष-दोन वर्षांत तार सैल पडून मध्ये झोळ येई. मग पकडीने तारेचे चार वेढे तोडायचे, हूक पुन्हा पिळून बसवायचा, की पडदा परत ताठ. कापड बहुधा जुन्या साडीचे किंवा चादरीचे. मधल्या दाराचा पडदा तर एका खोलीच्या दोन खोल्या करी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९७०) खाडीपलीकडे उभ्या राहिलेल्या छोट्या घरांतही ही तार बरीच वर्षे टिकली. विदर्भातली वाळ्याची ताटी इकडे रुजली नाही, याचे कारण हवेत आहे : ताटीवरचे पाणी उडून जाताना गारवा देते आणि खाडीकाठच्या दमट हवेत ते पुरेसे उडतच नाही.

दिशा आणि ऊन

ही दोन्ही शहरे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. ‘उत्तरेच्या खिडकीला पडदा कशाला’ असे म्हणणाऱ्यांना मेच्या उत्तरार्धात उत्तर मिळते : सकाळी आणि संध्याकाळी तिरपी किरणे उत्तरेच्या खोलीत शिरतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग आले की हा प्रश्न आपोआप मिटतो. दक्षिणेचे उलट आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर येतो, ऊन खोलीत आतपर्यंत पसरते, आणि त्या दिवसांत ते हवेसेच वाटते. दक्षिणेला जाड पडदा लावून तो वर्षभर ओढून ठेवणाऱ्या घरात थंडीतले उबदार ऊन वाया जाते.

खरी परीक्षा पश्चिमेची. मार्च ते मे दुपारी तीननंतर ऊन खिडकीत आडवे येते आणि आडव्या उन्हाला वरचा छज्जा अडवू शकत नाही. वर्षभरात मावळतीची जागा पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५-२५ अंश सरकते. म्हणून डिसेंबरात घर दाखवताना जवळजवळ उन्हाविना राहिलेली वायव्येची खिडकी मे महिन्यात तापते. त्यातही जागेप्रमाणे फरक पडतो. ठाण्यात येऊरचे डोंगर पश्चिमेला आहेत, त्यामुळे उपवन किंवा वर्तकनगरकडच्या खालच्या मजल्यांवरून सूर्य पंचांगातल्या वेळेआधीच डोंगराआड जातो. नवी मुंबईत डोंगर पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीच्या खाडीकडच्या इमारतींना समोर अडवणारे काहीच नाही. एकाच बिल्डरचा एकाच मापाचा फ्लॅट या दोन ठिकाणी घेतला तर पडदे एकच चालणार नाहीत.

खाडीचा देखावा हा इथे वेगळा पेच आहे. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चिखलावर गुलाबी पट्टा दिसतो, आणि त्या देखाव्यासाठी जास्त पैसे मोजून घर घेतलेले कुटुंब दुपारी अंधार करून बसायला तयार नसते. अशा खिडकीला स्क्रीनचे रोलर उपयोगी. त्याच्या जाळीत मोकळी जागा किती हे टक्क्यांत सांगतात, उदाहरणार्थ १, ३, ५, १०. तीन-पाच टक्क्यांचे कापड डोळ्यांवर येणारी चमक कमी करते आणि बाहेरचेही दिसू देते. गडद रंगाच्या स्क्रीनमधून देखावा स्वच्छ दिसतो, तर फिकी स्क्रीन उष्णता अधिक परतवते. एका कापडात दोन्ही मिळत नाही.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. आतला कोणताही पडदा काचेतून आत आलेल्या उन्हाशी झगडतो. ऊन काच ओलांडून पडद्यावर पडते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. काचेकडची बाजू पांढरी असेल तर बरेच ऊन तसेच बाहेर परतते. म्हणून दर्शनी रंग कोणताही निवडला तरी अस्तर पांढरे हवे. उष्णता खऱ्या अर्थाने अडते ती काचेच्या बाहेर, गॅलरीतल्या बांबूच्या चिकेने किंवा, ऊन उंचावरून येत असेल तर, छज्ज्याने. नव्या टॉवरांच्या दर्शनी भागात बदल करायला सोसायटीची आडकाठी असते, त्यामुळे चिक लावायची तर आधी विचारून घेतलेले बरे.

आडोसा

झिरझिरीत पडद्याची (दुकानी भाषेत ‘शिअर’) आड दिवसापुरतीच असते. बाहेर उजेड जास्त असेपर्यंत आतले दिसत नाही. दिवेलागण झाली की समोरच्या इमारतीला आपली जेवणाची ताटे मोजता येतात. म्हणून दुहेरी रॉड लावतात : काचेकडे झिरझिरीत, खोलीकडे जाड.

ब्लॅकआउट कापडाबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. एका प्रकारात कापडाच्या पाठीवर लेपाचे थर चढवलेले असतात, त्यातून प्रकाश जवळजवळ शून्य येतो. दुसऱ्या प्रकारात मध्ये काळा धागा विणलेला असतो. तो उजेड पुष्कळ कमी करतो, पण पूर्ण मारत नाही, आणि अंगाला मऊ व धुवायला सोपा पडतो. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याला पहिला प्रकार लागतो, तोही एका अटीवर. रॉडच्या वरची आणि दोन्ही कडांची फट बंद करायला हवी. पेल्मेट (रॉड झाकणारी वरची पेटी) नसेल तर छतावर उजेडाची पांढरी रेघ उमटते आणि महागड्या कापडाचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. घोडबंदर रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज पडद्याने थांबत नाही. जाड कापडाने खोलीतला घुमारा कमी होतो एवढेच. बाहेरचा आवाज काचेने आणि खिडकीच्या फटी बुजवूनच अडतो.

कापड

भिवंडी ही मागांची पेठ ठाणे जिल्ह्यातलीच, पण तिथे मुख्यतः कोरे कापड विणले जाते. ठाण्याच्या दुकानांत पडद्यांचे जे तागे उलगडतात त्यांत पानिपत, करूर आणि सुरतचा माल भरपूर असतो.

सुती कापड दिसायला सात्त्विक, पण पहिल्या धुण्यात तीन-पाच टक्के आटते. सात फुटांच्या पडद्यावर हे अडीच ते चार इंच होतात, म्हणजे जमिनीला टेकलेला पडदा घोट्यावर जातो. शिवण्याआधी कापड पाण्यातून काढून घेणे हाच उपाय. शिंप्याला घाई असते, म्हणून हे काम घरीच करावे. लिननला सुरकुत्या पडतात. त्या ज्यांना शोभिवंत वाटतात त्यांनीच ते घ्यावे. रेशीम पश्चिमेच्या उन्हात कुजते, चार-पाच उन्हाळ्यांत बोट लावले की फाटते. पॉलिस्टर आटत नाही, काचेआडच्या उन्हाला चांगले टिकते आणि पावसाळ्यातही पंख्याखाली वाळते. त्याचा चकचकीतपणा पुष्कळांना खटकतो. सूत-पॉलिस्टर मिश्रण हा मधला मार्ग मुलेबाळे असलेल्या घरात सर्वांत कमी त्रासाचा. उन्हात रंग किती पक्का राहतो याची एक ते आठ अशी मोजणी असते. पश्चिमेसाठी पाच किंवा अधिक आकडा विचारून घ्यावा.

नमुन्याचा तुकडा दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली नव्हे, घरी त्याच खिडकीत, दुपारी चार वाजता आणि मग रात्री दिवा लावून पाहावा. काचेला टेकवून उन्हात धरले की विणीतली विरळ जागा लगेच उघडी पडते. मुठीत मिनिटभर चुरगाळून सोडला की पडद्याचे पुढचे आयुष्यही समजते.

माप

फर्निशिंगच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच. खिडकी सहा फूट असेल तर रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे ८४ इंच घेतात. चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या सव्वादोनपट लागते : १८९ इंच. कडेच्या दुमडी वजा जाता एका पन्ह्यातून ५० इंच उरतात, म्हणून चार पॅनेल (पडद्याची पाने). तयार उंची ९० इंच धरली तर वरची-खालची दुमड १२ इंच, एकूण १०२ इंच, म्हणजे सुमारे २.६ मीटर. चार पॅनेलना १०.४ मीटर. कापडावर दर २४ इंचांनी परत येणारी मोठी फुले असतील तर प्रत्येक पॅनेल पाच फुलांचे, १२० इंचांचे कापावे लागते आणि हिशेब १२.२ मीटरवर जातो. नाहीतर शेजारच्या पॅनेलची फुले एकमेकांच्या खांद्यावर बसतात. झिरझिरीत कापड २८० सेंटीमीटर पन्ह्याचे मिळते. ते आडवे वापरले की पन्हाच उंची होतो, आणि ८४ इंचांच्या रॉडला सुमारे पाच मीटरचे एकसंध कापड पुरते.

रिंगच्या पडद्याला रिंगांची संख्या सम हवी, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. आधी रॉड बसवावा, मग माप घ्यावे. तेही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, कारण नव्या टॉवरांतही लादी सरळ असेलच असे नाही. तळ जमिनीपासून बोटभर वर ठेवावा. मासिकांतल्या चित्रांत पडदा जमिनीवर लोळतो. रोज ओल्या फडक्याने लादी पुसली जाणाऱ्या घरात तो आठवड्यात काळा होतो. पलंग खिडकीला भिडलेला असेल तर लांब पडद्याचा हट्ट धरू नये. तिथे रोलर किंवा कट्ट्यापर्यंतचा आखूड पडदा बरा.

रॉड लोखंडी नको. खाडीच्या हवेत पॉलिश आतून फुगते आणि गंजाचे तांबूस डाग पडद्याच्या रिंगांखाली उमटतात. स्टेनलेस स्टील किंवा पावडर कोटिंगचे अ‍ॅल्युमिनियम टिकते.

ब्लाइंड

रोलर कमी जागा घेतो आणि ओल्या फडक्याने पुसता येतो. झेब्रात पारदर्शक आणि जाड पट्टे आलटून-पालटून असतात. दोन थर सरकवून उजेड नेमका साधता येतो, मात्र पूर्ण अंधार होत नाही. रोमन सर्वांत देखणा आणि इथल्या हवेला सर्वांत कमी मानवणारा. त्याच्या घड्या गोळा करून ठेवल्या की आत वारा फिरत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये काड्यांच्या खोबणीत काळी बुरशी धरते. शिवाय धुवायला तो उतरवून काड्या काढाव्या लागतात. हे काम एकदा केलेला माणूस दुसऱ्यांदा टाळतो.

दोरी किंवा साखळी लोंबत असेल तर लहान मुलाच्या गळ्यात अडकून जीव जाऊ शकतो. युरोपीय मानकात साखळीचा फास जमिनीपासून किमान दीड मीटर वर असावा आणि साखळी भिंतीला ताणून बसवावी अशी अट आहे. रांगणारे मूल घरात असेल तर बिनदोरीचा स्प्रिंगचा रोलर घ्यावा. पाळणा आणि मुलाचा पलंग खिडकीपासून लांब ठेवावा. देवघर खिडकीशी असेल तर पडद्याची कड निरांजनाकडे उडत नाही ना, हेही पाहावे.

धुणे

इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गणपतीआधी पडदे धुण्याची हौस असते, पण त्या दिवसांत ते वाळत नाहीत आणि कुबट वास घेऊन परत चढतात. अनुभवी घरांत गणपतीला झटकून भागवतात आणि खरे धुणे दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या कडक उन्हात करतात. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कापडाचे एक पॅनेल सुमारे एक किलोचे भरते, भिजल्यावर त्याहून पुष्कळ जड. म्हणून घरच्या मशीनमध्ये एका वेळी दोनच घालावीत. लेपाचे ब्लॅकआउट पिळू नये, लेपाला तडे जातात आणि उन्हात धरल्यावर चांदणे दिसते. घरात कोणाला धुळीचा दमा असेल तर जाड पडद्यांपेक्षा पुसता येणारे रोलर निवडावेत, किंवा ६० अंश पाण्यात धुता येईल असे पातळ सुती पडदे.

भाड्याचे घर

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना भिंतीला ड्रिल करण्याआधी मालकाला विचारावे लागते. लहान खिडकीला दोन भिंतींत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड चालतो. जाड पडद्याच्या वजनाने तो घसरतो. असे कुटुंब पडदे शिवताना खालची दुमड चार इंचांऐवजी सहा-सात इंच ठेवायला सांगते. वाशीतून खारघरला गेले आणि खिडकी तीन इंच उंच निघाली, तर दुमड उसवून पडदा लांबवता येतो. जुन्या दुमडीची रेघ मात्र धुऊनही जात नाही. तिच्याखालचे कापड कधी ऊन न पाहिलेले, मूळ रंगाचे असते.