कोड-संपादकातील दृश्यदोष व मंदगती

आज्ञावली लिहिण्याच्या संपादकाच्या पडद्यावर अक्षरे फाटणे, ओळी एकमेकींवर चढणे, काही भाग काळा वा कोरा राहणे, कर्सर भलत्याच जागी दिसणे (दृश्यदोष), तसेच कळ दाबल्यावर अक्षर उशिरा उमटणे, फाईल उघडताना संपादक अडकणे (मंदगती), आणि या दोहोंची कारणे हुडकण्याची रीत. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि कॉलेज रोड, गंगापूर रोड भागातल्या क्लासेसमध्ये दोन्हींना सरसकट ‘हँग झालं’ म्हणतात. निदानाच्या दृष्टीने मात्र ते वेगळे होत. दृश्यदोषाचे मूळ बहुधा चित्र काढणाऱ्या थरात असते, मंदगतीचे बहुधा मजकुरावर काम करणाऱ्या थरात. ‘संपादक’ म्हटले की मराठी वाचकाला वृत्तपत्र आठवते. प्रत्यक्ष व्यवहारात ‘एडिटर’ हाच शब्द चालतो.

संज्ञा : दृश्यदोषासाठी रूढ असलेल्या ‘ग्लिच’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत एकवाक्यता नाही. ‘घसरणे’ या अर्थाचा जर्मन धातू आणि त्याच अर्थछटेचा यिडिश शब्द यांपैकी थेट पूर्वज कोणता, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतील प्रसार पाहता यिडिश मार्गाकडे कल अधिक दिसतो. अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी १९६२ मध्ये विद्युत्‌दाबातील आकस्मिक उसळी या अर्थाने तो वापरल्याने त्याचा जन्म अंतराळ कार्यक्रमात झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. तथापि अमेरिकन रेडिओवरील उद्घोषकांच्या बोलीत चूक या अर्थाने तो १९४० च्या दशकातच होता, असे दाखले असल्याने ग्लेन यांना जनक न मानता प्रसारक मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मराठीत त्याला एकच रूढ प्रतिशब्द नाही.

पूर्वपीठिका : ही तक्रार पडद्यावरच्या संपादकांइतकीच जुनी असावी. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘व्हीआय’ या संपादकात कंट्रोल-एल दाबले की पडदा नव्याने रेखाटला जाई. तेव्हा टर्मिनल (पडदा व कळफलक असलेले यंत्र) दूरध्वनीच्या तारेवरून संगणकाशी जोडलेले असे आणि तारेतल्या खरखरीमुळे पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटत. फाईल शाबूत, दर्शन तेवढे बिघडलेले, हा भेद त्या कळीत अध्याहृत आहे. व्हीआयचा वारस असलेल्या ‘व्हिम’मध्ये ती कळ आजही तेच काम करते.

आजच्या दोषांचा मोठा वाटा ब्राउझरच्या पायावर उभारलेल्या संपादकांत आढळतो. गिटहबच्या ‘ॲटम’ या संपादकासाठी तयार झालेल्या चौकटीला (फ्रेमवर्कला) एप्रिल २०१५ मध्ये ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव मिळाले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला मायक्रोसॉफ्टने त्याच चौकटीवरील ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ जाहीर केला. ॲटम १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला.

दृश्यदोषांची कारणे : इलेक्ट्रॉनवरील संपादकात खिडकी, एक्स्टेंशने (वरून जोडलेल्या पूरक आज्ञावल्या) आणि ग्राफिक्स यांच्या प्रक्रिया स्वतंत्र चालतात. ग्राफिक्स प्रक्रिया रेखाटनाचे तयार तुकडे डिस्कवर साठवून ठेवते. ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारी आज्ञावली) किंवा संपादक अद्ययावत झाल्यावर हा साठा नव्या मांडणीशी जुळेनासा होऊन अक्षरांची खिचडी होते. संपादक बंद करून ग्राफिक्सच्या कॅशचे (या साठ्याचे) फोल्डर काढून टाकले की ती बहुधा सुटते. तरीही दोष राहिल्यास संपादक जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) बंद ठेवून सुरू करून पाहतात. तसे केल्यावर पडदा स्वच्छ झाला तर दोष ड्रायव्हर वा ग्राफिक्स कार्डाच्या बाजूचा धरावा. हा उपाय मात्र निदानापुरताच बरा, कारण रेखाटनाचा भार प्रोसेसरवर पडून दृश्यदोषाच्या जागी मंदगती येते. लिनक्सवर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी प्रणाली) असताना अपूर्णांकी मोठेपणा (१२५ टक्के वगैरे) निवडल्यास अक्षरे धूसर दिसतात. तो दोष जुन्या एक्स प्रणालीच्या मध्यस्थीचा असतो, संपादकाचा नव्हे.

देवनागरी मजकूर : मराठी वापरणाऱ्यांना हा भाग विशेष लागू पडतो, परंतु सामान्य मार्गदर्शिकांत तो जवळपास येतच नाही. कोड-संपादक समरुंद फॉन्ट गृहीत धरतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक सारखे घर. ओळीत केवळ मूलभूत रोमन चिन्हे असतील तर कर्सरची जागा साध्या गुणाकाराने निघते. देवनागरी आली की हा जवळचा मार्ग बंद होतो आणि प्रत्येक वेळी प्रत्यक्ष रुंदी मोजावी लागते. ‘नाशिक’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात तो पाच चिन्हांचा आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १५ बाइटांचा आहे. शिवाय ‘शि’मधील वेलांटी साठवली जाते ‘श’च्या नंतर आणि दिसते आधी. ‘त्र्यंबकेश्वर’ तर पाच अक्षरे, १३ चिन्हे, ३९ बाइट. बहुतेक टर्मिनलांच्या (आज्ञा टंकण्याच्या खिडक्यांच्या) हिशेबाने त्याला आठ घरे मिळतात; जोडाक्षरे मात्र त्याहून कमी जागेत मावतात किंवा सुटी होऊन पसरतात, आणि पुढचा सगळा मजकूर सरकतो. ‘त्र्यं’ हे एकच अक्षर मानावे असा नियम युनिकोडच्या अक्षरगट-विभाजनात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या नियमावर चालणाऱ्या साधनांत कर्सर त्या अक्षराच्या पोटात दोनदा थांबतो. त्याला बिघाड म्हणावे की जुना नियम, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत नोंदीत त्याला नियमाचा दोष मानले आहे.

‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील चंद्राकार रफार हे मराठीचे खास दुखणे. तो ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, तसाच ‘र’, हलन्त आणि शून्यरुंदीचा जोडक (जागा न घेणारे अदृश्य चिन्ह) वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच; शोध घेतला की एक सापडतो, दुसरा निसटतो. असे अदृश्य जोडक आज्ञावलीत घातक ठरू शकतात, म्हणून काही संपादक अदृश्य चिन्हांभोवती चौकट काढतात. तिला दृश्यदोष समजू नये. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर रोमन अक्षरांच्या जंजाळासारखा दिसतो, तोही दोष संकेतनाचा (एन्कोडिंगचा) आहे. फॉन्ट बदलून दर्शन सुधारेल, मजकूर नाही.

मंदगतीची कारणे : इलेक्ट्रॉन मुळातच जड, हे मत लोकप्रिय आहे. चौकट स्मृती (मेमरी) जास्त खाते हे खरे, पण मोजमापे पाहता मजकूर कसा साठवला आहे आणि भोवती एक्स्टेंशने कोणती आहेत, याला अधिक वजन द्यावे लागते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये पूर्वी प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र वस्तू असे. ३५ मेगाबाइट आकाराच्या, १ कोटी ३७ लाख ओळींच्या एका फाईलसाठी केवळ या वस्तूंनीच सुमारे ६०० मेगाबाइट स्मृती व्यापल्याचे आढळले. २०१८ मध्ये ती रचना सोडून मजकुराचे तुकडे वृक्षरूपात ठेवणारी रचना घेतली गेली. चौकट तीच राहिली. कंसांच्या जोड्या रंगवण्याचे कामही आधी एका एक्स्टेंशनकडे होते. मोठ्या फाईलीत ते कित्येक सेकंद घेई. २०२१ मध्ये ते संपादकाच्या गाभ्यात आल्यावर हा विलंब जवळजवळ नाहीसा झाला.

वाक्यरचनेनुसार रंग देणारी नियमावली ओळीगणिक चालते. त्यामुळे एकाच ओळीत दाबून बसवलेली लाखो अक्षरांची फाईल हजारो ओळींच्या फाईलीपेक्षा जड जाते. इमॅक्स या जुन्या संपादकात लांब ओळींची ही अडचण फार जुनी; तिच्यावर २७ व्या आवृत्तीत (२०२०) तोडगा आला आणि २९ व्या आवृत्तीत (२०२३) मूळ रेखाटनच सुधारले गेले. व्हिज्युअल स्टुडिओ कोड २० मेगाबाइट किंवा ३ लाख ओळींपलीकडील फाईलीत रंग देणे आपणहून थांबवतो. ‘रंग गेले’ ही तक्रार अनेकदा त्यामुळेच येते.

निदान : ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. काम त्यात बसले नाही की डोळ्यांना अडखळ जाणवते. प्रथम सर्व एक्स्टेंशने बंद करून संपादक उघडावा. फरक पडला तर निम्मी चालू, निम्मी बंद असे करीत दोषी शोधावे. ३० एक्स्टेंशने असली तरी पाच फेऱ्यांत उत्तर मिळते. ही अर्धविभाजनाची सोय व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये तयारच आहे. फरक न पडल्यास प्रक्रियांची यादी पाहून स्मृती वा प्रोसेसर कोण खातो ते तपासावे.

नाशिकमधील व्यवहार : प्रॅक्टिकलच्या सबमिशनचा आठवडा आला की तक्रारी वाढतात. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर संपादक, ब्राउझर आणि डेटाबेस एकत्र चालतात आणि अंगभूत ग्राफिक्सही त्याच रॅममधून वाटा घेते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो. सकाळी पळणारा संपादक दुपारी रेंगाळतो, तो यामुळे. दुरुस्तीच्या दुकानांत ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला सर्रास मिळतो. संपादक नुसता काढून पुन्हा बसवण्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण एक्स्टेंशने व सेटिंग वापरकर्त्याच्या फोल्डरात तशीच राहतात आणि दोष त्यांच्यासकट परततो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत लिनक्स बरेच चालते. तेथे संपादक प्रकल्पातील फाईलींवर नजर ठेवतो तेव्हा अशा नजरांच्या संख्येवरची कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मर्यादा आड येते. जुन्या कर्नलमध्ये ती प्रत्येक वापरकर्त्यामागे ८१९२ अशी होती, कर्नल ५.११ पासून ती यंत्राच्या स्मृतीनुसार ठरते. मर्यादा वाढवण्यास प्रशासकाचे अधिकार लागतात आणि विद्यार्थ्याच्या खात्याला ते सहसा नसतात. तेव्हा हजारो फाईली असलेले, बाहेरून आणलेल्या पॅकेजांचे फोल्डर संपादकाच्या देखरेखीतून वगळतात.