एचटीएमएलमधील वर्णनयादी

वर्णनयादी हा एचटीएमएलमधील, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील, याद्यांचा तिसरा प्रकार. ठिपक्यांच्या आणि क्रमांकांच्या यादीत सुटी कलमे असतात. हिच्यात संज्ञा व तिचे वर्णन एकमेकांना बांधलेले असते. सगळी यादी डीएल या टॅगमध्ये (टॅग म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणारी खूण), संज्ञा डीटीमध्ये आणि वर्णन डीडीमध्ये लिहितात.

संज्ञा आणि वर्णन एकास एकच असावे असे बंधन नाही. शब्दसंग्रहात ‘कर’ या एका डीटीखाली ‘हात’ आणि ‘सरकारला भरायची रक्कम’ असे दोन डीडी येऊ शकतात. उलट ‘जल’ आणि ‘नीर’ या लागोपाठच्या दोन डीटींना मिळून ‘पाणी’ हा एकच डीडी चालतो. कोणते वर्णन कोणाचे, हे निव्वळ क्रमावरून ठरते. डीडीनंतर पुन्हा डीटी आला की नवा गट सुरू झाला. ब्राउझरला एवढे पुरते. पण एखाद्या गटाभोवती चौकट काढायची म्हटली, तर स्टाइलशीटला, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांना, धरायला काही नसे. म्हणून पुढे प्रत्येक गट डिव्ह या मजकूर एकत्र बांधणाऱ्या टॅगमध्ये ठेवण्याची मुभा मिळाली. २०१७ च्या एचटीएमएल ५.२ मध्ये ती आहे.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या अगदी सुरुवातीच्या टॅगसंचातही हे तिन्ही टॅग होते, तेव्हा शब्दार्थसूचीसाठी. एचटीएमएल ४.०१ (१९९९) मध्ये ही व्याख्यायादीच होती, तरी नाटकातल्यासारखे संवादही तिच्यात लिहावेत असे त्याच मानकाने सुचवले होते: बोलणाऱ्याचे नाव डीटीत, बोलणे डीडीत. एचटीएमएल ५ ने (२०१४) ही विसंगती काढली. नाव आणि मूल्य अशी कुठलीही जोडी चालेल, संवाद मात्र नको. खरोखर व्याख्याच द्यायची असेल, तर डीटीमधील शब्द डीएफएन या व्याख्येच्या शब्दासाठी असलेल्या टॅगमध्ये घालावा लागतो.

डीटीच्या आत शीर्षकाचे टॅग चालत नाहीत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे लांबलचक उत्तरांच्या प्रश्नोत्तरांना ही यादी नियमात बसत असली तरी फारशी सोयीची नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारे वाचक शीर्षकांवरूनच उड्या मारत पुढे जातात. पुस्तकाचे लेखक, प्रकाशक, आवृत्ती अशा त्रोटक तपशिलाला ती चपखल बसते.

ब्राउझर डीडीला सुरुवातीच्या बाजूने सहसा ४० पिक्सेल जागा सोडतात. केवळ तेवढ्यासाठी, संज्ञा नसतानाही, डीडी वापरलेली पाने जुन्या संकेतस्थळांवर अजून दिसतात.