एईडीचे त्रुटीसंकेत आणि त्यांचे निवारण (ग्रामीण विदर्भ)

एईडी म्हणजे स्वयंचलित बाह्य डिफिब्रिलेटर. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दोन पॅड चिकटवले की हे यंत्र हृदयाची लय तपासते आणि गरज असेल तरच विजेचा झटका देते. सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे) मिळाला नाही, तर झटक्याला उशीर होईल तसतशी वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे यंत्रातला बिघाड आधीच कळायला हवा.

यंत्र ठरावीक काळाने बॅटरी आणि आतले सर्किट स्वतःच तपासते. काही चुकले की लाल खूण दिसते, बीप वाजते किंवा पडद्यावर आकडा येतो. हे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात. माहितीपुस्तिकेतल्या त्या पानाची झेरॉक्स यंत्राच्या पिशवीतच ठेवलेली बरी.

विदर्भात उन्हाळ्यात पहिला संशय उन्हावर घ्यावा. बऱ्याच एईडींची कमाल मर्यादा ५० अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालची बंद खोली किंवा उन्हात उभी गाडी त्याहूनही तापते. यंत्र सावलीच्या, हवेशीर खोलीत निवू द्यावे; फ्रीजमध्ये ठेवू नये, आत ओल धरते. मग बॅटरी काढून पुन्हा बसवावी. अनेक मॉडेलांत तेवढ्याने पूर्ण तपासणी नव्याने सुरू होते. बॅटरी बहुधा लिथियमची, एकदाच वापरायची असते. तिला चार्जर लावणे धोक्याचे.

उष्णतेने पॅडवरचे जेलही लवकर सुकते. पॅडची मुदत संपली तरी काही यंत्रांचा हिरवा दिवा चालूच राहतो, म्हणून पाकिटावरची तारीख दर महिन्याला डोळ्यांनी पाहावी.

प्रसंगाच्या वेळी ‘पॅड तपासा’ अशी सूचना आली, तर दोष बहुधा छातीवरच असतो. शेतातून आणलेला माणूस घामाने चिंब असतो. त्याची छाती दुपट्ट्याने खसखसून पुसावी, दाट केस रेझरने काढावेत, पॅड तळव्याने दाबून बसवावा आणि कनेक्टर घट्ट खोचावा. या खटपटीत छातीवरचे दाब थांबवू नयेत. ते मिनिटाला १०० ते १२० या गतीने चालूच ठेवावेत. १०८ला फोन दुसऱ्याने करावा.

बॅटरी बदलूनही आकडा जात नसेल, तर यंत्र उघडू नये, कारण कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युतभार असू शकतो. त्यावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी लावावी आणि आकडा व तारीख नोंदवहीत लिहून बायोमेडिकल इंजिनिअरला कळवावे.