स्टर्नबर्ग वेगळा, स्ट्रोहाइम वेगळा

'मोरोक्को' (१९३०) या चित्रपटाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "तो स्ट्रोहाइमचा ना?" नाही, दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा. घोळ होणं साहजिक आहे. दोघंही व्हिएन्नातल्या ज्यू घरांत जन्मले, दोघंही हॉलिवूडमध्ये नावारूपाला आले, आणि ते उमरावी 'फॉन' दोघांच्याही नावाला मागाहून चिकटलेलं. एरिक फॉन स्ट्रोहाइम टोप्या बनवणाऱ्याचा मुलगा, पण खानदानाच्या बाता जन्मभर मारत राहिला.

पडद्यावर मात्र दोघं दोन टोकांना. स्ट्रोहाइमला सगळं अस्सल लागायचं. 'ग्रीड'च्या (१९२४) शेवटासाठी त्याने ऐन उन्हाळ्यात अख्खं युनिट डेथ व्हॅलीत नेलं. पहिली प्रत आठ तासांच्या घरात गेली; पुढे स्टुडिओने कात्री चालवली.

स्टर्नबर्गला अस्सलपणाचं सोयरसुतक नव्हतं. त्याचं मोरोक्को कॅलिफोर्नियातच उभं राहिलं. त्याला हवा असायचा उजेड आणि त्या उजेडाच्या आड येणारं काहीतरी: जाळ्या, पडदे, धूर, झडपांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावल्या. नायिका मार्लेन डीट्रिचवर मुख्य दिवा समोरून, पण बराच उंचावरून. नाकाखाली इवलीशी सावली पडते आणि गाल आत गेल्यासारखे दिसतात. कॅमेरा ली गार्म्सचा, हट्ट स्टर्नबर्गचा.

आवाजाचंही तसंच. बोलपट नवे होते, त्यामुळे पात्रं उगाचच बोलत सुटायची. इथे संवाद मोजके. साखरपुड्याची मेजवानी चालू असताना बाहेरून लीजनचे, म्हणजे फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या दलाचे, ढोल ऐकू येतात. नायिका झटक्यात उठते, मोत्यांची माळ खुर्चीला अडकून तुटते. तिचं मन कुणाकडे आहे, हे सांगायला आणखी वाक्य लागत नाही. (कथा तशी बेताचीच आहे, हेही खरं.) शेवटी उंच टाचांचे बूट वाळूत टाकून ती सैनिकांमागे निघते, तेव्हा पार्श्वसंगीत नाही, ढोल विरत जातात, वारा उरतो.

स्ट्रोहाइमला हॉलिवूडने बोलपटाची संधी दिली, पण तो चित्रपटही फॉक्स स्टुडिओने बराचसा नव्याने चित्रित करून १९३३ मध्ये 'हॅलो, सिस्टर!' म्हणून आणला, दिग्दर्शकाच्या नावाशिवाय. तेव्हा तिशीच्या दशकातल्या अमेरिकी बोलपटावर 'फॉन' दिसला, तर तो बहुधा स्टर्नबर्गच. एका चित्रपटापाशी मात्र दोघांची गाठ पडली: स्ट्रोहाइमचा 'द वेडिंग मार्च' (१९२८) लांबतच चालला, तेव्हा पॅरामाउंटने तो कापायला दिला स्टर्नबर्गकडे.