शब्दसूची (फोर्थ भाषा)

फोर्थ या संगणकभाषेत शब्दांच्या (म्हणजे नाव दिलेल्या आज्ञांच्या) व्याख्या ज्या गटांत साठवतात, त्यांपैकी प्रत्येक गट म्हणजे एक शब्दसूची. सगळ्या सूची मिळून कोश होतो. एकच नाव दोन सूचींत निराळ्या अर्थाने नांदू शकते. फिग-फोर्थ या जुन्या आवृत्तीत ‘आय’ हा शब्द मूळ सूचीत आवर्तनाचा (लूपचा) निर्देशांक देतो, तर संपादकाच्या सूचीत मजकुराची ओळ घालतो.

चार्ल्स मूर यांनी ही भाषा 1960 च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आणली. स्मृती वाचवण्यासाठी जुन्या प्रणाली नावातील अक्षरांची संख्या आणि पहिली तीनच अक्षरे ठेवत. त्यामुळे यादी छापली तरी नाव अर्धवटच दिसे. फिग-फोर्थने 31 अक्षरांपर्यंतची नावे ठेवली आणि व्हीलिस्ट या शब्दाने ती पडद्यावर आणली. फोर्थ-83 या मानकाच्या काळात रूढ झालेले वर्ड्स हे नाव आज प्रमाण आहे.

सूचीला नाव देण्याचा जुना मार्ग व्होकॅब्युलरी या शब्दाचा. मात्र त्याच्या वर्तनावर एकमत झाले नाही. फोर्थ-79 या मानकात नव्या सूचीत शब्द सापडला नाही, तर शोध मूळ फोर्थ सूचीकडे वळे. फोर्थ-83 मध्ये नाव उच्चारताच शोधक्रमातील (सूची ज्या क्रमाने तपासल्या जातात त्यातील) पहिली सूची बदले. विल्यम रॅग्सडेल यांनी मांडलेल्या, शोधक्रम रचण्याच्या ऑल्सो-ओन्ली योजनेला मोठा पाठिंबा होता आणि विरोधही तितकाच कडवा होता. 1994 च्या अमेरिकन मानकाने हे सर्व प्रकार परस्परविसंगत असल्याचे नमूद केले, व्होकॅब्युलरी वगळला आणि वर्डलिस्ट, गेट-ऑर्डर, सेट-ऑर्डर असे पायाभूत शब्द दिले. ऑल्सो-ओन्ली मानकाच्या ऐच्छिक विस्तारात गेले. हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल, कारण या पायाभूत शब्दांवर कोणतीही जुनी पद्धत पुन्हा उभी करता येते.

त्याची किंमत मात्र नावाने मोजली. वर्डलिस्ट फक्त एक ओळखक्रमांक स्टॅकवर (मूल्ये ठेवण्याच्या चळतीवर) ठेवतो. सूची निनावीच राहते. ‘वर्डलिस्ट कॉन्स्टंट चित्रे’ असे लिहिले, तर ‘चित्रे’ हा दुसऱ्याच सूचीतला एक स्थिरांक होतो. खुद्द सूचीला त्या नावाचा पत्ता नसतो. म्हणून शोधक्रम दाखवणारा ऑर्डर हा शब्द काही प्रणालींत नावाऐवजी नुसता आकडा छापतो. आठ सूचींच्या क्रमात (मानकाने हमी दिलेली किमान क्षमता एवढीच) असे आकडे आले, तर कोणती सूची कुठे आहे हे वाचणाऱ्याला कळणे कठीण. जीफोर्थ या प्रणालीतील डॉट-व्होक हा शब्द व्होकॅब्युलरीने किंवा वरच्यासारख्या स्थिरांकाने दिलेले नाव शोधून छापतो. ही सोय प्रत्येक प्रणालीत हवी.

वर्ड्स शोधक्रमातील पहिल्याच सूचीची नावे देतो. छपाईची मांडणी मानकाने प्रणालीवर सोपवली आहे. प्रत्येक नवी व्याख्या आधीच्या व्याख्येला साखळीने जोडलेली असल्याने सहसा सर्वांत नवा शब्द आधी येतो. लॅक्सन आणि पेरी यांच्या एफ83 या प्रणालीत प्रत्येक सूचीच्या चार साखळ्या होत्या. तेथे वर्ड्सला दर खेपेला चारही टोके पाहून स्मृतीतील सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत नव्या शब्दाचा, पत्ता निवडावा लागे, तेव्हा कुठे हा क्रम टिके. फोर्थ-2012 या मानकाने ट्रॅव्हर्स-वर्डलिस्ट हा शब्द आणला. त्यामुळे सूचीतील नावे एकेक करून हाती येतात आणि विशिष्ट अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांची यादीही स्वतः लिहिता येते.