ट्रॉलरवरचं ऑइल कधी पेटतं?

मासेमारी बंदीत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं उघडतात. जुनं काळं ऑइल डब्यात ओतलं जातं आणि शेजारीच कोणीतरी बिडी पेटवतो. पेटती काडी त्या डब्यात पडली, तर बहुधा विझेल. पेट्रोलचा डबा असता, तर काडी पोचायच्या आधीच भडका उडाला असता.

फरक आहे वाफेचा. द्रव जळत नाही, हवेत मिसळलेली त्याची वाफ जळते. ठिणगी लागताच वाफ क्षणभर पेटावी, इतकी वाफ ज्या तापमानाला सुटते तो फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपास, डिझेलचा बहुधा 40 ते 70, आणि नव्या इंजिन ऑइलचा 200 च्या वर. जुन्या ऑइलचा भरवसा मात्र देऊ नये. इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टर गळका असेल तर त्यात डिझेल उतरलेलं असतं आणि आकडा घसरतो. प्रयोगशाळेत ही भेसळ ओळखायची एक रीतच फ्लॅश पॉइंट मोजणं ही आहे.

हा आकडा डब्यातल्या तेलाचा. जाळं ओढणाऱ्या विंचच्या, दाबाखालचं तेल वाहणाऱ्या हायड्रॉलिक पाइपला बारीक चीर गेली, की तेल धुक्यासारखं उडतं. इवले थेंब चटकन तापतात, आणि मग 200 अंशांचा फ्लॅश पॉइंटही आड येत नाही. समोर तापलेला एक्झॉस्ट असेल तर ठिणगीचीही गरज नाही. म्हणून मोठ्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, गळकं तेल पोचू शकेल असा 220 अंशांहून जास्त तापणारा भाग झाकावाच लागतो. पण त्या आवरणातच तेल मुरलं, तर तेही आतल्या आत तापून धुमसू लागतं.

चिंध्यांचं असंच, फक्त तिथे तेल कुठलं हे बघावं लागतं. लाकडी होडीला माशाचं तेल लावून झाल्यावर फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर तो कोणी काडी न लावताही पेटू शकतो. या तेलाच्या रेणूंमधले, कार्बनच्या अणूंना जोडणारे दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन ओढतात, उष्णता सुटते, आणि बोळ्यातून ती बाहेर पडत नाही. हे बंध मोजणारा आयोडीन अंक तारलीच्या तेलात 160 च्या पुढे जातो, खोबरेल तेलात जेमतेम 10 पर्यंत. खोबरेलाची फडकी म्हणूनच सहसा अशी तापत नाहीत. माशाच्या तेलाची फडकी मात्र उघड्यावर पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावीत. होडीवर याच गुणाचा फायदा होतो: ऑक्सिजन घेऊनच ते तेल फळ्यांवर सुकून थर धरतं. खोबरेल लावलं असतं तर ओशटच राहिलं असतं.