फाईल तुमची, किल्ली दुकानदाराची

कॉपी-संरक्षण असलेल्या गाण्याची कॉपी होत नाही, असं बरेच जण समजतात. होते की! फाईल पेनड्राइव्हवर घ्या, मित्राला ईमेल करा, हव्या तेवढ्या प्रती काढा. मित्राकडे ती वाजणार नाही, एवढंच.

ॲपलनं 2003 साली आयट्यून्स या आपल्या ऑनलाइन दुकानात 99 सेंटला एक या भावानं गाणी विकायला काढली, तेव्हा त्यांवर 'फेअरप्ले' नावाचं कुलूप होतं. त्याची रचना मोठी देखणी. गाण्याचा ध्वनी एका 'मास्टर की'नं कूटबद्ध केलेला, म्हणजे किल्लीशिवाय उलगडणार नाही असा, आणि ही मास्टर की चक्क त्याच फाईलमध्ये! पण तीही कूटबद्ध. ती उघडायला ग्राहकाची 'यूजर की' लागते, आणि ती फाईलमध्ये नसते. ती ॲपलच्या सर्व्हरकडे. संगणक 'ऑथराइज' केला, म्हणजे ॲपलकडे आपला म्हणून नोंदवला, की सर्व्हर ती धाडतो आणि संगणक ती स्वतःच्या तिजोरीत, पुन्हा कूटबद्ध करून, ठेवतो. असे संगणक आधी तीन, पुढे पाच चालत. वाजवताना यूजर कीनं मास्टर की उघडायची, मास्टर कीनं ध्वनी. अशा दुहेरी रचनेत हक्क बदलायचा झाला तर अख्खं गाणं पुन्हा कूटबद्ध करावं लागत नाही, काही बाइटची किल्ली तेवढी बदलली की झालं.

मेख वेगळीच आहे. गुप्त संदेशात पाठवणारा, घेणारा आणि चोरून ऐकणारा असे तिघं असतात. इथे घेणाराच संशयित! गाणं वाजायचं तर किल्ली त्याच्याच संगणकाच्या मेमरीत येणार. मग ती कितीही बिटची, म्हणजे कितीही लांब, असो, त्याच्या हाती लागू शकतेच. म्हणून 'अभेद्य' कुलपाच्या जाहिराती हसण्यावारी न्याव्यात. शिवाय आयट्यून्स स्वतःच गाण्यांची ऑडिओ सीडी करू देई. ती सीडी परत संगणकावर उतरवली की कुलूप गायब, दर्जा किंचित घसरलेला.

2009 मध्ये ॲपलनं गाण्यांवरचं हे कुलूप काढलं. त्याआधीच, 30 सप्टेंबर 2008 ला, याहू म्युझिक या अशाच दुसऱ्या ऑनलाइन दुकानानं आपले किल्ली देणारे सर्व्हर बंद केले होते. विकत घेतलेली गाणी जुन्या संगणकावर वाजत राहिली, पण नव्या संगणकाला किल्ली देणारं कुणी उरलं नाही. सर्व्हर बंद होण्याआधी याहूनं ग्राहकांना सल्ला दिला होता: गाण्यांची ऑडिओ सीडी करून ठेवा.